बिनकामाचं फिरणं आणि इंग्रजीचा तास

बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या आवश्यक इंग्रजीचा अभ्यासक्रम बदलायचा म्हटलं की आमच्या भागातल्या प्राध्यापकांमध्ये दर वेळी वाद पेटतो, आणि दर वेळी तो भलत्याच मुद्द्यांवर लढला जातो. या वेळी निमित्त झालं एका प्रवासलेखाचं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक दुपार पायी हिंडलेल्या माणसाने लिहिलेला, पाचेक पानांचा साधा लेख. एक गट म्हणतो, काढून टाका; ज्या पोरांनी नागपूरची महाराजबाग धड पाहिली नाही त्यांच्या माथी अमेरिकेतली बाग कशाला मारता? दुसरा गटही काढून टाका म्हणतो, पण त्यांना ललित काहीच नको आहे. ई-मेल, बायोडाटा, मुलाखत एवढंच शिकवा. आणि जे थोडे लोक धडा ठेवा म्हणतात ते ‘मुलांना जग कळलं पाहिजे’ या एका वाक्यापुढे सरकत नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षं इंग्रजी शिकवते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा धडा राहिला पाहिजे. मुलांना अमेरिका कळावी म्हणून मी हे म्हणत नाही. खेड्यातल्या मुलामुलींच्या हातून इंग्रजीत स्वतःचं वाक्य लिहवून घेणारा याच्याइतका कामाचा धडा मला अजून सापडलेला नाही, म्हणून म्हणते. मात्र आज आपण तो ज्या पद्धतीने शिकवतो, तसाच शिकवायचा असेल तर खुशाल काढून टाका.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा अभ्यासक्रमावरच्या प्राध्यापकांच्या सभेत कोणी मांडलाच नाही. तो माझ्या वर्गात एका मुलीने मांडला. लेखात पहिल्याच परिच्छेदात ‘स्ट्रोल’ हा शब्द येतो. मी फळ्यावर लिहिला आणि अर्थ सांगितला, रमतगमत फिरणं. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, बिनकामाचं कोन फिरते? माही माय सकाळी सातले निंदाले जाते, थे काई फिराले नाई जात.” वर्ग हसला. ती हसली नव्हती.

तिचं बरोबर होतं, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. रमतगमत फिरायला मोकळी दुपार लागते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या एकाही मुलीच्या घरी मोकळी दुपार नसते. फिरायला निर्धास्तपणा लागतो. संध्याकाळी गावच्या रस्त्याने एकटी, काही काम नसताना चालणारी मुलगी घरी पोचायच्या आत चार जणांच्या तोंडी झालेली असते. पुरुष असा फिरला तर त्याला रिकामटेकडा म्हणतात. म्हणजे हा लेख अडतो तो केवळ शब्दांमुळे नाही. ज्याला वेळ आहे, पैसा आहे आणि ज्याला कोणी हटकत नाही अशा माणसाची दुपार त्यात आहे. हे ओझं शब्दकोशाने हलकं होत नाही, आणि ‘मुलांना जग कळू द्या’ म्हणणाऱ्यांनी त्याचा विचारही केलेला नाही.

पण त्या दिवशी पुढे काय झालं तेही सांगते. एरवी अर्थ सांगितला की माना खाली घालून उतरवून घेणारा तो वर्ग पाऊण तास भांडत होता. आम्ही फळ्यावर चालण्याची यादी केली. वावरात जाणं, गुरांमागे जाणं, बाजाराला जाणं, एसटी चुकली म्हणून चार किलोमीटर चालत येणं, वारीला जाणं. प्रत्येकाला मराठी शब्द शोधला: चालणं, हिंडणं, भटकणं, पायपीट. मग इंग्रजी: वॉक, वॉन्डर, ट्रज. ‘ट्रज म्हणजे पायपीट’ हे त्या मुलांना पुन्हा सांगावं लागलं नाही. आता मला सांगा, या जागी निंदणीवरचा धडा असता तर त्या मुलीला विचारण्यासारखं काय उरलं असतं? ओळखीच्या विषयावरचा परक्या भाषेतला मजकूर पोरं वाचतच नाहीत. आपल्याला ठाऊकच आहे असं धरून पुढे जातात. अनोळखी जागेत मात्र शब्दाला धरूनच चालावं लागतं, कारण दुसरा आधार नसतो.

आणि बिनकामाचं फिरणं आपल्या मातीला खरंच इतकं परकं आहे का? मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्रापासून मानतात, ते तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथेच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केलं. त्यात काय आहे? चक्रधरांचं अटन. गावोगाव चालणं, थांबणं, भेटलेल्या माणसांशी बोलणं. पुढे महानुभावांनी स्थानपोथी लिहिली, तिच्यात तर स्वामी कोणत्या गावी कुठे बसले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला दुसरं देऊळ आहे, याचीच नोंद आहे. प्रवासलेखातल्या परिच्छेदाचं आणि स्थानपोथीतल्या नोंदीचं काम एकच आहे: न पाहिलेल्या माणसाला जागा दिसेल असं सांगणं. मी वर्गात दोन्ही शेजारी ठेवते. ‘डावीकडे’, ‘पलीकडे’, ‘समोर’, ‘मधोमध’ यांची इंग्रजी रूपं मुलांना घोकायला लावावी लागत नाहीत.

‘पाहिलं नाही म्हणून कळणार नाही’ हा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिलं. ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या किती जणांनी अमेरिका पाहिली होती? पाहिली नव्हती म्हणूनच तर लिहिलं.

बागेची गोष्ट मात्र इथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सेंट्रल पार्क म्हटलं की आमच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गोऱ्या श्रीमंतांची हिरवळ येते आणि विचार तिथेच थांबतो. ८४३ एकरांची ही बाग १८५८ मध्ये ज्या दोघांच्या आराखड्याने ठरली त्यांतला एक फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. दुसरा, कॅल्व्हर्ट व्हॉक्स, वास्तुरचनाकार होता. ओल्मस्टेड त्याआधी काय करत होता? शेती. १८५० मध्ये हा तरुण शेतकरी इंग्लंडात पायी फिरायला गेला. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड नावाचं गाव आहे. तिथल्या पाववाल्याने त्याला आग्रह केला, आमची नवी बाग पाहिल्याशिवाय जाऊ नका. जोसेफ पॅक्स्टनने आखलेली ती बाग लोकांच्या पैशातून झाली होती आणि १८४७ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली होती. गरिबातल्या गरीब माणसाला तिथे राणीइतकाच हक्क आहे, याचं ओल्मस्टेडला नवल वाटलं. लोकशाही म्हणवणाऱ्या आपल्या देशात असं काही नाही, ही टोचणी त्याने परतल्यावर प्रवासवर्णनात लिहून ठेवली. म्हणजे सेंट्रल पार्क जन्माला यायच्या आधी एका शेतकऱ्याने शहरातल्या बागेवर लिहिलेला प्रवासलेख होता. शेतकऱ्यांच्या मुलांना हा विषय झेपायचा नाही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

लिव्हरपूल हे नाव आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या व्यवहारात होतं, हेही विसरायला नको. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावच्या बाजारातला कापूस मुंबईला आणि तिथून बोटीने लिव्हरपूलला जायचा. खामगावला १८७० मध्ये खास रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. ज्या नदीच्या एका काठावर आपल्या गाठी उतरत होत्या तिच्या दुसऱ्या काठावर ती बाग होती. त्याच ओल्मस्टेडने १८५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलामगिरीवर चालणाऱ्या कापूसपट्ट्यात वार्ताहर म्हणून फिरून लेख लिहिले होते. काळ्या जमिनीत पऱ्हाटी लावणाऱ्या घरातल्या मुलाला हे सांगितलं की तो नकाशा मागतो. नकाशा पुढे ठेवला की कोणीतरी विचारतंच, बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ याच गावात ना? बागेच्या उत्तर टोकाला ११० नंबरचा रस्ता आहे, विद्यापीठ ११६ नंबरच्या आसपास. मुलं बोटाने रस्ते मोजतात, आणि ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘निअर’, ‘बियॉन्ड’ त्या मोजण्यातच येऊन जातं.

बागेला काळी बाजू आहे आणि तीही मी लपवत नाही. उलट, तीच शिकवण्याजोगी आहे. पश्चिमेकडच्या ८२ ते ८९ नंबरच्या रस्त्यांदरम्यान सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून तिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या नावावर जागा घेऊन घरं बांधली होती. तीन चर्च होती, शाळा होती. १८५५ च्या सुमाराला तिथे सव्वादोनशे माणसं राहत होती. न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला अडीचशे डॉलरची मालमत्ता असल्याशिवाय मत देता येत नसे, त्यामुळे त्या जागेला पैशापलीकडची किंमत होती. बागेसाठी सरकारने जमीन संपादन केली आणि १८५७ पर्यंत वस्ती उठवली. माझ्या वर्गात बेंबळा धरणाच्या प्रकल्पात गाव गेलेल्या घरांतली मुलं बसतात. भंडाऱ्याकडच्या वर्गांत गोसीखुर्दची असतील. त्यांना ‘संपादन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

इथे मी व्याकरण काढते. प्रवासलेखात त्या वस्तीबद्दल एकच वाक्य आहे, कर्मणी प्रयोगात: ती हटवण्यात आली. मी विचारते, कोणी हटवली? वाक्यात कर्ता कुठे आहे? पॅसिव्ह व्हॉइस आपण बारावीपर्यंत वाक्यं उलटीपालटी करून शिकवतो, राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो, आणि हे कशासाठी ते एकाही मुलाला कळत नाही. सेनेका व्हिलेजच्या वाक्यावर मात्र एक मुलगा म्हणाला, “आमच्या नोटीसमध्ये बी असंच होतं मॅडम, जमीन संपादित करण्यात आली आहे.” करणारा लपवायचा असेल तर भाषा काय करते, हे त्याला मराठीत माहीत होतं, आता इंग्रजीतही कळलं. शहरी बागेचा धडा खेड्यातल्या मुलांना कुठेच भिडत नाही म्हणणाऱ्यांनी तो तास बघायला यावं.

आणि मेंढरं! बागेच्या एका मोठ्या कुरणाचं नावच शीप मेडो आहे. तिथे १९३४ पर्यंत खरोखर मेंढ्या चरत होत्या. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा, घरी मेंढरं असलेला, वर्षभर तोंड न उघडणारा मुलगा बोलला. “मंग कुठी नेले?” ब्रुकलिनमधल्या दुसऱ्या बागेत नेली, आणि त्यांचा वाडा होता तिथे हॉटेल झालं. यावर त्याने जे म्हटलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही, पण चराईबंदीवर त्याला पुष्कळ बोलायचं होतं.

आता नोकरीचा मुद्दा. तो हलका नाही. तीन वर्षं शिकून मुलाला एक अर्ज धड लिहिता येत नसेल तर आई-बापांनी कशासाठी पास काढून त्याला तालुक्याला पाठवायचं? मान्य. पण अर्जाचे नमुने आपण वीस वर्षं शिकवतो आहोत, आणि मुलं ते पाठ करून तारीख बदलायलाही विसरतात. मुलाखतीत पहिला प्रश्न काय येतो? तुमच्याबद्दल, तुमच्या गावाबद्दल सांगा. म्हणजे जागेचं वर्णन करा. याची तयारी ई-मेलच्या साच्यातून होत नाही. प्रवासलेखात भाषेची दोन कामं जोडीने चालतात. लेखक वळला, थांबला, बसला हे भूतकाळात. तळं पसरलेलं आहे, पूल दगडी आहे हे वर्तमानकाळात. एकाच परिच्छेदात हे काळ कसे एकमेकांत विणायचे ते नमुन्याच्या अर्जात दिसतच नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, आणि आमच्या मुलांच्या निम्म्या चुका तिथेच होतात. लेखात पूल पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो ‘अ ब्रिज’ असतो, चार ओळींनंतर ‘द ब्रिज’ होतो. आजी गोष्ट सांगते, ‘एक राजा होता, त्या राजाला’, तसंच हे आहे असं म्हटलं की एका मिनिटात कळतं. पण हे कळायला सलग मजकूर लागतो, सुटी वाक्यं चालत नाहीत.

सभेत एका ज्येष्ठ सरांनी नई तालीमचा दाखला दिला. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी परिषद भरवली, परिसरातून शिक्षण द्या म्हणाले, आणि तुम्ही न्यूयॉर्क शिकवता? सरांबद्दल मला आदर आहे आणि नई तालीमबद्दलही. पण टकळी हातात देऊन तिथे काय करायचं होतं? सूत मोजता मोजता गणित, कापसावरून भूगोल, आणि तोच कापूस विलायतेला का जात होता इथपर्यंत इतिहास. सुरुवात परिसरातून करायची होती. मुलाला परिसरात बांधून ठेवायचं कुठे म्हटलं होतं? शहरातल्या मुलांना जगभरचे लेख आणि खेड्यातल्यांना फक्त बैल, विहीर आणि पोळा, ही वाटणी दिसायला आपुलकीची आहे, पण तिने आमच्या मुलांचं कुंपण आणखी उंच होतं. सावित्रीबाईंनी १८५४ च्या काव्यफुलेमध्ये इंग्रजी शिका म्हणून सांगितलं ते कुंपणात राहण्यासाठी सांगितलं नव्हतं.

दोष शोधायचा तर तो धड्यात नाही, आमच्या तासात आहे. मी स्वतः सुरुवातीची सहा-सात वर्षं एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, पुढची ओळ वाचायची, असंच शिकवलं. शेवटी सारांश लिहून द्यायचा. मुलं तोही घेत नसत, कारण बाजारात चाळीस पानांचं गाइड मिळतं. परीक्षेत प्रश्न ठरलेला: लेखकाने केलेलं बागेचं वर्णन तुमच्या शब्दांत लिहा. ‘तुमच्या शब्दांत’ म्हणजे गाइडच्या शब्दांत, हे तपासणाऱ्यालाही माहीत असतं. प्रवासलेखाच्या जागी आमच्याच गावावरचा धडा आणला तरी पुढच्या जूनमध्ये त्याचंही गाइड येईल. इंग्रजी कशी शिकवावी याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांत दाखवून दिलं होतं की मुलांपुढे नकाशा, वेळापत्रक ठेवून कोडं सोडवायला दिलं, त्यांचं लक्ष अर्थावर गुंतलं, की भाषा त्या गुंतण्यातून येते. तो प्रयोग परदेशांत नावाजला गेला. आपल्याकडे तो बी.एड.च्या नोट्समध्ये पाच गुणांची टीप होऊन राहिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही; मी बागेचा नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढते.

गेल्या हिवाळ्यात लेख संपल्यावर मुलांना सांगितलं, तुमच्या गावातली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली एक जागा घ्या आणि इंग्रजीत एक पान लिहा. कोणी आखर, म्हणजे गावची गुरं जमतात ती जागा, घेतलं, कोणी देवळाचा पार, एकाने बसस्टँड. त्याने लिहिलं की बाकावर आमदार निधीची पाटी आहे. सेंट्रल पार्कच्या बाकांवरही देणगीदारांच्या पाट्या असतात, हे मी त्याला सांगितल्यावर तो खूश झाला. ‘स्ट्रोल’वर अडलेल्या मुलीने गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची, जमीन घेतली होती. “देअर इज नो बेंच. वी सिट ऑन द रूट्स.” रूट्सच्या आधी ‘द’ बरोबर पडला होता. खाली एक वाक्य होतं, “मेनी ट्रीज वेअर कट.” मी समासात लाल पेनने लिहिलं, कोणी? दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी. “मॅडम, नाव लिहावं लागते का?” मी म्हटलं, ते तू ठरव, पण ‘बाय’ लावून पुढे मोकळी जागा सोडलीस तरी वाचणाऱ्याला कळेल. तिने तशीच जागा सोडली.

अभ्यास मंडळाकडे मी धडा वाचवण्याची विनंती पाठवली आहे, पण त्याहून जास्त जोर प्रश्न बदलण्यावर दिला आहे. बागेच्या वर्णनाचा प्रश्न काढा आणि त्याच्या जागी हा घाला: तुमच्या गावातल्या एका सार्वजनिक जागेतून तुम्ही चालत गेलात तर काय काय दिसतं, आणि तिथे पूर्वी काय होतं, ते दीडशे शब्दांत लिहा. गुण दहा. स्पेलिंगचा जास्तीत जास्त एक गुण कापावा.